डावा हात आधी: सुरुवातीच्या जॅझ पियानोचे रीइश्यू कसे निवडावेत, कसे ऐकावेत

फॅट्स वॉलर या जॅझ पियानोवादकाची 'हँडफुल ऑफ कीज' ही रचना माझ्या कपाटात चार ठिकाणी आहे. वादन एकच. १ मार्च १९२९, न्यूयॉर्क, व्हिक्टर कंपनी, तीन मिनिटांच्या आत आटोपलेलं. पण पहिल्या सीडीवर पियानो गोधडीखाली ठेवल्यासारखा वाजतो. दुसरीवर कुणीतरी हौसेने प्रतिध्वनी घातलाय, त्यामुळे वॉलर रिकाम्या मंगल कार्यालयात बसलाय असं वाटतं. तिसरीवर खरखर भरपूर आहे, पण डाव्या हाताचा प्रत्येक टोला पोटात जाणवतो. चौथी मी कुणाला तरी देऊन टाकणार आहे.

ज्याला हा छंद लावून घ्यायचाय त्याने ही चार प्रतींची गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. शंभर वर्षांपूर्वीचा पियानो आपल्याला थेट ऐकू येतच नाही. लाखेच्या एखाद्या जुन्या तबकडीवरून कुणीतरी, कुठल्यातरी सुईने, कुठल्यातरी वेगाने तो उतरवून घेतलेला असतो, आणि आपण विकत घेतो ते हे उतरवणं. म्हणून 'वाजवलं कुणी' याच्या जोडीने 'उतरवलं कुणी' हेही विचारायची सवय लागली, की निम्मे पैसे वाचतात. अशा पुन्हा काढलेल्या आवृत्तीला संग्राहक मंडळी 'रीइश्यू' म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो.

आधी सहा वादनं, आणि तीही फुकट

दुकानाकडे वळण्याआधी आठवडाभर फक्त सहा वादनं ऐका. जेम्स पी. जॉन्सनची 'कॅरोलायना शाउट' (ओके नावाची रेकॉर्ड कंपनी, ऑक्टोबर १९२१), जेली रोल मॉर्टनची 'किंग पोर्टर स्टॉम्प' (जेनेट, जुलै १९२३), मीड लक्स लुइसची 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' (पॅरामाउंट, १९२७), अर्ल हाइन्सची '५७ व्हरायटीज' (ओके, डिसेंबर १९२८), वर सांगितलेला वॉलर, आणि आर्ट टेटमचा 'टायगर रॅग' (ब्रन्सविक, मार्च १९३३). या सगळ्याला मिळून वीस मिनिटंही लागत नाहीत. एवढ्यात बारा वर्षांचा इतिहास होतो. रॅगटाइमच्या, म्हणजे जॅझच्या आधीच्या लिहून ठेवलेल्या पियानोशैलीच्या, शिस्तीतून सुटू पाहणारा जॉन्सन एका टोकाला, आणि दोन माणसं वाजवताहेत असा भास करून देणारा, जवळजवळ दृष्टिहीन टेटम दुसऱ्या टोकाला.

सहाही वादनं ऑनलाइन मिळतात. इंटरनेट अर्काइव्हवर मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा मोठा प्रकल्प आहे. तिथे बऱ्याच तबकड्या चार वेगवेगळ्या जाडीच्या सुयांनी उतरवून ठेवल्या आहेत. जमलं तर एकच बाजू चारही सुयांनी ऐका. सुई बदलली की ती खाचेच्या वेगळ्या उंचीवर टेकते, कमी झिजलेल्या भागावर बसते, आणि आवाज बदलतो. 'उतरवणं' म्हणजे काय, हे माझं पाल्हाळ वाचण्यापेक्षा तिथे पाच मिनिटांत कळेल.

गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर मात्र सावध राहा. हाइन्स १९८३ पर्यंत जगला आणि म्हातारपणीही भरपूर वाजवत राहिला. 'अ मंडे डेट' शोधलंत तर १९२८ चं वादन मिळेल की १९७० च्या आसपासचं, याचा नेम नाही, आणि ॲप दोन्हीवर संकलनाचं वर्ष छापून मोकळं होतं. आवाज फार स्वच्छ, फार रुंद वाटला तर संशय घ्या.

ऐकायचं कसं

आपला कान उजव्या हाताकडे धावतो, कारण सूर तिथे असतो. पहिल्यांदा तो मोह टाळा आणि फक्त डावा हात ऐका. 'स्ट्राइड' म्हणतात त्या न्यूयॉर्कच्या हार्लेमी शैलीत डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जात आघात करतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकात उडी मारून सूरसमूह धरतो. खाली-वर, खाली-वर, तीन मिनिटं, न चुकता. ढोल आणि ताशा एकाच हाताने वाजवल्यासारखं.

आता 'कॅरोलायना शाउट'ची छोटी प्रस्तावना संपली की लगेच कान टवकारा. जॉन्सनचा डावा हात सरळ खाली-वर जातच नाही. आठ मात्रांचे तो तीन-तीन-दोन असे तुकडे पाडतो, म्हणजे दोन टोले खाली आणि एक वर, पुन्हा दोन खाली एक वर, मग एक खाली एक वर. उजवा हात मात्र काही घडलंच नाही अशा थाटात पुढे जातो. तबला ऐकलेल्या कानाला हा खेळ लगेच सापडेल. तुकडे कसेही पडोत, सम जागेवर येते. पुढे एक हात हाक देतो आणि दुसरा ओ देतो, अशी जागा आहे. चर्चमधल्या 'शाउट' या फेर धरून करायच्या नाचावरूनच रचनेचं नाव पडलं.

दुसऱ्यांदा उजवा हात. हाइन्सचा उजवा हात बहुतेकदा सप्तकाच्या जोडस्वरांत ट्रम्पेटसारखा ठणकावतो. डिसेंबर १९२८ मध्येच ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर त्याने केलेलं 'वेदर बर्ड' लगेच लावून पाहा, म्हणजे कोण कुणाकडून काय घेत होता ते कळेल. हाइन्सचा डावा हात मध्येच ठेका सोडून गायब होतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं सीडी अडकली. चार मात्रांनी तो परत येतो, बरोब्बर जागेवर.

तिसऱ्यांदा ऐकायची ती खोली. भिंती किती दूर आहेत, पियानो उघडा आहे की बंद, कुणी पाय आपटतंय का. हे ऐकू येत नसेल तर बहुधा उतरवणाऱ्याने खरखरीबरोबर खोलीही पुसून टाकलेली असते.

आवाज असा का आहे

१९२५ च्या आधी मुद्रणाला बहुतेक ठिकाणी मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. पियानोचा खर्ज आणि वरचे बारीक सूर त्या कर्ण्यातून नीट जातच नसत. जेनेट ही रेकॉर्ड कंपनी इंडियाना राज्यातल्या रिचमंडच्या स्टार पियानो कंपनीच्या मालकीची. म्हणजे स्टुडिओ पियानो बनवणाऱ्यांचाच, आणि तिथे सगळ्यात जास्त हाल पियानोचेच! शेजारून रेल्वेचा फाटा जायचा, गाडी आली की काम थांबवावं लागे. मॉर्टनची १९२३ आणि १९२४ ची एकल वादनं तिथलीच. त्यात खर्ज शोधू नका. तो तबकडीवर उतरलाच नाही, त्यामुळे कुठलाही संगणक तो 'परत' आणू शकत नाही. आणून दाखवला असेल तर तो बनवलेला आहे.

१९२५ पासून विजेवर चालणारं मुद्रण आलं आणि पियानोला खालचं सप्तक मिळालं. पण सगळ्या कंपन्या सारख्या नव्हत्या. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. तबकड्यांचा माल स्वस्तातला, नवी कोरी तबकडीसुद्धा खरखरायची. धातूचे मूळ साचे जवळजवळ सगळे गेले. म्हणून लुइसची १९२७ ची आगगाडी आज उरल्यासुरल्या वापरलेल्या प्रतींवरूनच उतरवावी लागते. याउलट व्हिक्टरचे साचे बरेच टिकले, आणि वॉलरच्या चांगल्या रीइश्यूंचा आवाज आश्चर्य वाटावं इतका भरीव असतो. त्यामुळे तक्रार करण्याआधी मूळ कंपनी बघा. पॅरामाउंटची खरखर हा रीइश्यू काढणाऱ्याचा दोष नव्हे. व्हिक्टर मात्र गोधडीखालचा वाटला, तर दोष नक्कीच त्याचा.

जाता जाता, या तबकड्यांमधली लाख जगभर प्रामुख्याने आपल्याच देशातून जायची. छोटा नागपूरच्या झाडांवरच्या किड्यांनी हार्लेमचा पियानो धरून ठेवलाय, ही कल्पना मला फार आवडते.

रोल म्हणजे मुद्रण नव्हे

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. 'रॅगटाइमचा रचनाकार स्कॉट जॉप्लिन स्वतः वाजवतोय' अशी सीडी दिसली की हात पुढे जातो. जॉप्लिन १९१७ मध्ये गेला. त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. आहेत ते १९१६ चे पियानो रोल, म्हणजे भोकं पाडलेली कागदी गुंडाळी. ती स्वयंचलित पियानोत घातली की पट्ट्या आपोआप दबतात. त्यात सूर कुठले हे कळतं, पण सर्वसाधारण रोलमध्ये बोटाचं वजन नोंदलं जात नाही. शिवाय कारखान्यातला माणूस चुकीची भोकं बुजवून, नवी पाडून वादन 'सुधारत' असे, आणि गती वाजवणाऱ्याच्या मर्जीवर.

रोल वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. तरुण ड्यूक एलिंग्टन 'कॅरोलायना शाउट' शिकला तो रोलवरूनच, यंत्राची गती कमी करून आणि दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून. अभ्यासाला रोल उत्तम. पण तो घेताना आपण रोल घेतोय हे माहीत हवं. पाठीमागच्या मजकुरात कुठेतरी बारीक अक्षरांत 'रोल' हा शब्द आहे का ते बघा. नसेल, तर लगेच कळण्यासारखी खूण आवाजात आहे: शंभर वर्षांपूर्वीचं वादन, खरखर अजिबात नाही, पियानो नवा कोरा, आणि सगळे सूर एकाच जोराचे.

कुठलं लेबल घ्यावं

इथे माझी मतं ठाम आहेत आणि ती सगळ्यांना पटतील असं नाही.

सुरुवात एका माणसापासून, एका सीडीपासून. फ्रान्सच्या 'क्लासिक्स' मालिकेने प्रत्येक कलाकाराचं काम तारखेच्या क्रमाने लावून शेकडो सीडी काढल्या. जॉन्सनची १९२१-१९२८, हाइन्सची १९२८-१९३२, टेटमची १९३२-१९३४ अशी नावंच वर्षांची. मालिका आता बंद आहे, पण जुन्या प्रती फिरत असतात. क्रम चोख, तारखा छापलेल्या, मात्र एकाच रचनेची दुसरी मुद्रित आवृत्ती सहसा घेतलेली नाही आणि आवाजाचा दर्जा कमीजास्त. मी क्लासिक्सला शब्दकोश म्हणतो. हाताशी असावा, पण कादंबरी म्हणून कुणी वाचत नाही.

आवाजासाठी माणसाचं नाव शोधा. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस यांचं नाव पुस्तिकेत दिसलं तर मी डोळे मिटून घेतो. हे गृहस्थ स्वतः बँडमध्ये वाजवायचे. संगणक नव्हता तेव्हा तबकडी टेपवर घ्यायचे आणि जिथे 'टक्' आवाज येई त्या जागी टेपवरचा चुंबकीय थर पात्याने हलकेच खरवडून काढायचे. एक टक्, एक खरवड. जेएसपी या ब्रिटिश लेबलने मॉर्टनचा पाच सीडींचा संच काढला, त्यावर त्यांचंच काम आहे. तो प्रामुख्याने १९२६ पासूनच्या रेड हॉट पेपर्स या त्याच्या बँडचा, म्हणून एकल पियानो थोडा. पण खरखर ठेवून पियानो कसा वाचवायचा, याचा तो धडा आहे.

वॉलरचा एकल पियानो हवा तर आरसीए ब्लूबर्डचा 'टर्न ऑन द हीट' हा दोन सीडींचा संच शोधा. टेटमसाठी कोलंबियाची 'पियानो स्टार्ट्स हियर' ही एलपी. तिच्यावर १९३३ ची चार वादनं आहेत आणि जोडीला १९४९ ची मैफल. सोळा वर्षांत हात किती बदलला हे एकाच तबकडीवर कळतं. बूगी-वूगी, म्हणजे डाव्या हाताने एकच घुमता ठेका धरून वाजवलेला ब्लूज, आवडणाऱ्यांसाठी मोझेइक कंपनीचा आल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुइस यांच्या ब्लू नोट वादनांचा संच, म्हणजे ६ जानेवारी १९३९ ला ज्या बैठकीने ब्लू नोट कंपनी सुरू झाली तिथपासून. मोझेइक मोजक्याच प्रती काढते, संपल्या की संपल्या, मग जुन्या बाजारात भाव चढतो. त्यांचा जॉन्सनचा सहा सीडींचा संचही (१९२१-४३) तसाच. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका. आधी एका सीडीवर कान बसवा, मग ठरवा सहा हव्यात का.

मेरी लू विल्यम्सला विसरू नका. 'नाइट लाइफ' आणि 'ड्रॅग एम' ही १९३० ची शिकागोतली दोन एकल वादनं संकलनांच्या कोपऱ्यात कुठेतरी असतात आणि लोक ती ओलांडून पुढे जातात. तेव्हा ती वीसही पूर्ण नव्हती.

विकत घेण्याआधी पाठ वाचा

मी दुकानात असो वा पडद्यासमोर, कव्हरची मागची बाजू आधी वाचतो. मुद्रणाची तारीख आणि गाव छापलंय का? मूळ कंपनीचं नाव आहे का? साच्याचा क्रमांक आणि त्यापुढे कितवी आवृत्ती ते लिहिलंय का? उतरवणाऱ्याचं नाव आहे का? चारपैकी तीन गोष्टी असतील तर माणसाने मनापासून काम केलंय. नुसतं 'जॅझ पियानोचे बादशहा' आणि पंचवीस गाण्यांची यादी असेल तर परत ठेवा.

साच्याचा क्रमांक फार कामाचा. एकाच दिवशी एक रचना दोन-तीनदा वाजवून घेत, आणि त्यातलं एक बाजारात येई. उरलेलं नंतर सापडलं की रीइश्यूवर येतं. व्हिक्टरच्या क्रमांकाआधी 'बीव्हीई' दिसलं तर दहा इंची तबकडी आणि विजेवरचं मुद्रण, 'सीव्हीई' म्हणजे बारा इंची. सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूची ऑनलाइन आहे. क्रमांक टाका, तारीख, जागा, आवृत्त्या सगळं समोर येतं. नावांच्या गोंधळातून तीच सोडवते. हाइन्सने 'ब्लूज इन थर्ड्स' ही रचना दुसऱ्या कंपनीला 'कॉशन ब्लूज' या नावाने वाजवून दिली. दोन्ही सीडी घेऊन बसल्यावर मला हे कळलं, आणि आनंदच झाला, कारण दोन वादनांत बराच फरक आहे.

जुन्या एलपीवर 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' असं काही छापलेलं असेल तर सरळ नाही म्हणा. साठच्या दशकात एककर्णी मुद्रणाचा खर्ज एका बाजूला आणि वरचे सूर दुसऱ्या बाजूला ढकलून खोटा स्टिरिओ करायची टूम होती. पियानोवर तर तो अत्याचारच. डावा हात एका भिंतीत, उजवा दुसऱ्या भिंतीत. घेऊन बसला असाल तर ॲम्प्लिफायरवरचं 'मोनो' बटण दाबा, थोडा जीव वाचतो. खऱ्या मोनो एलपीलाही ते दाबावंच, बरीच चरचर निम्म्याने खाली येते.

परदेशातून मागवताना वजन आणि कस्टम्सचा हिशेब आधी करा. खरेदी स्वस्त आणि टपाल महाग असा प्रकार नेहमीचा. एकदा एका विक्रेत्याने तीन एलपी नुसत्या कागदी पाकिटात घालून पाठवल्या. भर मे महिन्यात पार्सल कुठल्यातरी गोदामात पडून होतं. हातात आल्या तेव्हा त्यांना मोदकाच्या पातीसारख्या कळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून एलपी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये आणि कव्हरच्या बाहेर काढून ठेवा, असं आधी लिहून कळवतो. मे महिन्यात मागवतच नाही.

एकच रचना, पाच मॉर्टन

हा माझा आवडता धडा. 'किंग पोर्टर स्टॉम्प' मॉर्टनने आयुष्यभर वाजवली. पोर्टर किंग नावाच्या वादक मित्रावरून नाव ठेवलं, असं तो सांगायचा. तिच्या पाच मुद्रणांचा संच जमवा आणि एका रविवारी सकाळी ओळीने ऐका.

पहिलं १९२३ चं, जेनेटचं, कर्ण्यातलं. पातळ आवाज, पण बोटं धारदार. मॉर्टन तेव्हा तिशीच्या पुढे होता, रचना तोंडपाठ होती, घाई नाही. दुसरं डिसेंबर १९२४ चं. इथे किंग ऑलिव्हरचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) पुढे आहे आणि मॉर्टन साथीला. साथीत तो किती कमी वाजवतो ते मोजा. तिसरं १९२६ चं, व्होकॅलियनसाठी. विजेवरचं मुद्रण आल्याने आता खर्ज ऐकू येतो आणि एकदम लक्षात येतं की पहिल्या मुद्रणात अर्धा पियानो हरवला होता. चौथं १९३८ चं, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं, लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्स प्रश्न विचारतोय आणि मॉर्टन वाजवता वाजवता गोष्टी सांगतोय, त्या मालिकेतलं. पाचवं डिसेंबर १९३९ चं, जनरल या लेबलचं. दीड वर्षाने तो गेला.

रचनेचा पहिला भाग काळी चारमध्ये आहे. मध्यावर ती वळते आणि काळी एकमध्ये जाते, म्हणजे आधीच्या मध्यमाला षड्ज करून पुढची मांडणी. त्या वळणावर पाचही वेळा थांबा. १९२३ मध्ये तो वळण घेतो ते कोपऱ्यावरून सायकल वळवावी तसं, झटकन. १९३९ मध्ये तीच जागा तो मोकळी सोडतो, पुढचा भाग टेकत टेकत सुरू करतो, आणि शेवटच्या फेऱ्यांत उजव्या हाताचे छोटे तुकडे ठेक्याच्या किंचित मागे राहतात. नेमक्या याच शेवटच्या फेऱ्या पुढे मोठ्या बँडवाल्यांनी उचलल्या. फ्लेचर हेंडरसनच्या मांडणीत बेनी गुडमनने १९३५ मध्ये हीच रचना वाजवली. तेव्हा देशभर लोक नाचले, आणि रचनाकार कडेला पडला होता.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मालिकेची पूर्ण आवृत्ती राउंडर कंपनीने २००५ मध्ये आठ सीडींत काढली, पियानोच्या आकाराच्या डब्यात. डबा कुठल्याही फडताळात बसत नाही. घ्यायची असेल तर हीच घ्या, कारण आधीच्या आवृत्त्यांत वेग चुकलेले होते आणि मॉर्टनचा बोलण्याचा आवाजही त्याबरोबर चढायचा-उतरायचा. आठही सीडी सलग ऐकायला जाऊ नका. गप्पा खूप आहेत, काही शिवराळ. एक संध्याकाळ, एक सीडी.

पट्टी तपासा

वेगाचा मुद्दा निघालाच आहे तर हेही. '७८ फेऱ्या' हे बरंचसं छापील सत्य आहे. वीसच्या दशकात कंपन्यांची यंत्रं ७५ पासून ८० च्या वरपर्यंत कुठेही फिरत. उतरवणाऱ्याने डोळे झाकून ७८ लावलं तर पट्टी सरकते. अर्धा स्वर, म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, सरकायला सुमारे सहा टक्के फरक पुरतो, आणि त्यात तीन मिनिटांचं वादन दहा-अकरा सेकंदांनी कमीजास्त होतं.

गायकाच्या बाबतीत हे पकडणं कठीण, पियानोचं सोपं, कारण पियानो ठरलेल्या पट्टीला लावलेला असतो. घरात पेटी असेल तर ती काढा, नसेल तर फोनवरचं ट्यूनर चालेल. 'कॅरोलायना शाउट' पांढरी पाचमध्ये आहे. तुमच्या सीडीवर ती काळी चारकडे झुकत असेल तर वेग जास्त आहे. किंचित फरक सोडून द्या, स्टुडिओतले पियानो काही रोज लावत नसत. पण दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लोंबकळत असेल तर संगणकावर वेग दुरुस्त करून स्वतःसाठी प्रत ठेवा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्यात 'वेग' बदला, नुसती 'पट्टी' नव्हे, म्हणजे काळ आणि सूर बरोबरीने हलतील.

खरखर काढायचं बटणही तिथेच असतं. एकदा दाबून पाहा, आणि मग परत फिरा. आपला कान दोन दिवसांत खरखरीला सरावतो, पंख्याच्या आवाजाला सरावतो तसाच. पण सुराची शेपटी एकदा कापली गेली की तिला सरावता येत नाही. एखाद्या रीइश्यूवर जास्त सफाई झाली आहे का, हे ओळखायला लांब सूर शोधा. सूर विरत जाताना मध्येच बुडाला, किंवा सुराबरोबर मागची सरसर फुगते आणि सूर थांबताच गडप होते, तर यंत्राने हात धुऊन घेतलाय.

नोंद आणि पावसाळा

सीडी संगणकावर घेताना आवाजातलं काही न गाळणाऱ्या फ्लॅक स्वरूपात घ्या आणि फाइलच्या नावात तारीख आधी लिहा: १९२८-१२, हाइन्स, रचना, मूळ कंपनी, आवृत्ती, आणि शेवटी कुठल्या रीइश्यूवरून. गाण्याच्या नावाने लावलंत तर महिन्याभरात तीन 'टायगर रॅग' कुठून आले ते आठवणार नाही.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांचा खरा शत्रू खरखर नव्हे, बुरशी. जून ते सप्टेंबर कव्हरं भिंतीला टेकवून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या घट्ट पिशव्या काढून टाका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून वाळवा. एलपी उभ्याच ठेवायच्या. जुन्या सीडी संचांत मध्ये स्पंज असतो, तो वर्षांनी विरघळून सीडीला चिकटतो. असा स्पंज दिसला की आजच काढून फेका.

आणि कोलकात्याची ती तबकडी

या सगळ्या गोतावळ्यातला एक माणूस आपल्याकडे येऊन राहिला आणि इथेच गेला. टेडी वेदरफर्ड, जन्म १९०३. वीसच्या दशकात शिकागोत एर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवायचा. तरुण हाइन्सवर त्याची छाप पडली होती. मे १९२६ मधली 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' ही तबकडी आर्मस्ट्राँगच्या सुरुवातीच्या संकलनांवर हमखास असते. सगळे ट्रम्पेट ऐकतात, तुम्ही मागचा पियानो ऐका. त्याच वर्षी तो आशियाकडे निघाला. शांघाय, मग मुंबईचं ताजमहाल हॉटेल, जिथे गोव्याचे वादक या अमेरिकनांबरोबर बसून जॅझ शिकले. १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने 'स्विंग' या फ्रेंच लेबलसाठी एकल वादनं केली. ती वेदरफर्डची सगळ्यात मोकळी बाजू. शेवटी कोलकात्याचं ग्रँड हॉटेल, आणि एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने मृत्यू.

युद्धकाळात त्याने कोलकात्यात कोलंबियासाठी बरंच मुद्रण केलं. त्यातलं काही हार्लेक्विन या ब्रिटिश लेबलच्या 'जॅझ अँड हॉट डान्स इन इंडिया' या एलपीवर आहे. बहुतेक नाचाची गाणी, गायक पुढे, पियानो मागे. पण अधूनमधून आठ मात्रांची जागा मिळते आणि शिकागोचा डावा हात एकदम दिसतो.

या तबकड्या भारतातच विकल्या गेल्या, त्यामुळे मूळ प्रत हाती लागण्याची शक्यता न्यूयॉर्कपेक्षा मुंबईतच जास्त. चोरबाजारात मटण स्ट्रीटच्या दुकानांत लाखेच्या तबकड्यांचे गठ्ठे असतात, नाट्यगीतं, भावगीतं, हिंदी सिनेमा सगळं एकात एक. इंग्रजी लेबल दिसलं की उलटून पाहा. वेदरफर्ड हे नाव दिसलं तर फार घासाघीस करू नका. पिशवीत आडवी ठेवू नका, उभी धरा, लाखेची तबकडी टकरीने फुटते. वाजवायला ७८ ची जाड सुई लावा, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन फक्त घाण वाचते. आणि घरी आल्या आल्या पुसायचा मोह झालाच, तर उकळून गार केलेलं नव्हे, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं घ्या. स्पिरिट नको. स्पिरिटात लाख विरघळते, आणि फडक्यावर जो तपकिरी डाग येतो तो वेदरफर्ड असतो.